सहाच्या जागी लाल ठिपका

घड्याळजींना या उद्योगातून मिळणार काय होतं, याचा हिशेब त्यांच्या बायकोने एकदा बोटांवर मांडायला घेतला होता. पहिलं बोट मुडपून तिने बराच वेळ आठवून पाहिलं आणि ते बोट पुन्हा उघडलं. गच्चीवर पांढरी चादर ताणायची, तिच्यासमोर मर्क्युरीचा दिवा लावायचा, आणि त्या उजेडाला भुलून मागच्या दरीतून वीतभर पंखांचे पतंग येतील त्यांची वाट बघत रात्र काढायची. आले की मोजायचे. मोजून सोडून द्यायचे. विकायचे नाहीत, टाचणी मारून काचेत लावायचे नाहीत, कुणाला दाखवायलासुद्धा ठेवायचे नाहीत. पदरात काय, तर वहीत एक आकडा आणि सकाळी दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडावर जांभई.

साडूंचा हिशेबही असाच कोरा. साडू म्हणजे घड्याळजींच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या वर्षी ते नुसते बघायला म्हणून गच्चीवर आले, चादरीवर बसलेली ती तांबूस, मखमली, चार पंखांना चार काचेच्या खिडक्या असलेली वस्तू त्यांनी पाहिली, आणि जाताना विचारलं, "उद्या किती वाजता?" त्याला अकरा वर्षं झाली.

खरं सांगायचं तर फायद्यात होती ती एकटी धाकटी, म्हणजे घड्याळजींची बायको. हंगामाच्या साठ रात्रींपैकी तीस घड्याळजींच्या, तीस साडूंच्या, एकाआड एक. साडूंची रात्र असली की थोरलीही सोबत यायची. गच्चीवर तिचं काही काम नव्हतं. वर साडू पतंग मोजायचे, मागच्या खोलीत घड्याळजी घोरायचे, आणि स्वयंपाकघरात दोघी बहिणी दोन कप घेऊन बसायच्या. एरवी वर्षभर एकीला सासर आणि दुसरीला सांधे, भेट व्हायची ती लग्नकार्यात, तीही माणसांच्या गर्दीत. या तीस रात्री मात्र हक्काच्या. धाकटी पतंगांना पाहुणे म्हणायची. "खात नाहीत, पीत नाहीत, सकाळच्या आत जातात. असे पाहुणे रोज यावेत," असं ती थोरलीला सांगायची. खाण्याचं खोटं नव्हतं. त्या मोठ्या पतंगाला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर तो आठ-दहा रात्री काढतो आणि संपतो. चादर धुवायचं काम धाकटीकडे होतं, आणि ती ते कुरकुर न करता करायची. चादरीच्या मोबदल्यात आपल्याला काय मिळतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवरच अडलं.

एक पतंग दोनदा मोजला जाऊ नये म्हणून त्याला खूण करावी लागते. घड्याळजींनी खूण काढली ती घड्याळजीचीच. तबकडीवर ठिपका द्यायचा रंग आणि तीन केसांचा ब्रश त्यांच्या दुकानात होताच. पतंगाचा डावा मागचा पंख बोटाने अलगद उचलायचा, की खालच्या बाजूला ती काचेसारखी खिडकी दिसते. तिला तबकडी समजायचं. पहिल्या रात्री आलेल्याला एकच्या जागी ठिपका, दुसऱ्या रात्रीच्याला दोनच्या, असं बाराव्या रात्रीपर्यंत. मग पुन्हा एकपासून. बारा रात्री जगणारा पतंग विरळा, त्यामुळे घोटाळा व्हायचा नाही. विषम रात्री घड्याळजींच्या, त्यांचा रंग हिरवा. सम रात्री साडूंच्या, त्यांचा लाल. खूण असलेला पतंग पुन्हा आला तर नवा ठिपका द्यायचा नाही. वही मागे उलटायची, ज्या रात्री त्याला खूण झाली ती रात्र काढायची, आणि तिथे त्याच्या नोंदीपुढे बरोबरची खूण करायची. शंभरात चार-पाचच असे परत येत. पण आले की घड्याळजींना जुनं गिऱ्हाईक दुकानात आल्यासारखं वाटायचं.

साडूंना ही पद्धत पहिल्या दिवसापासून मानवली. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बाजारातली वजनं तपासली होती. खोटं वजन तळहातावर आलं की त्यांना कळायचं, काटा नंतर. आणि खरं ठरलेलं वजन शिक्का मारल्याशिवाय त्यांनी कधी हातातून खाली ठेवलं नव्हतं. ती सवय अंगात इतकी मुरली होती की घरी वाटीसुद्धा उलटी करून बूड बघतात, अशी थोरलीची तक्रार होती. पतंगाच्या पंखावर ठिपका देताना त्यांचा चेहरा तसाच व्हायचा, कचेरीतल्यासारखा. घड्याळजी कधीमधी डुलक्या काढायचे. साडू कधीच नाही. त्यामुळे दर वर्षी साडूंचा आकडा घड्याळजींपेक्षा दहा-पंधराने जास्त भरायचा, आणि ते त्यावरून वर्षभर टोमणे मारायचे.

राहता राहिली सही. झाडांच्या खात्याने नोंदवहीचा एक छापील नमुना दिला होता. त्यात पानाच्या खाली दोन जागा: नोंद करणारा आणि पडताळणारा. रात्री दोन वाजता पडताळायला कोण बसणार? तेव्हा सकाळी चहाबरोबर वही पुढे यायची आणि ज्याची रात्र नव्हती तो सही करायचा. साडूंच्या पानावर घड्याळजी, घड्याळजींच्या पानावर साडू. सही करताना घड्याळजी आकडा वाचायचे ते कुतूहल म्हणून. पडताळणं हा शब्द त्यांनी अकरा वर्षांत कधी मनावर घेतला नव्हता.

यंदा मात्र वहीला वजन आलं. दरीतली झाडं तोडून तिथे गोदाम बांधायचं ठरत होतं. त्याच झाडांच्या पानांवर पतंगांच्या अळ्या वाढतात, म्हणून घड्याळजींनी खात्यात अर्ज टाकला होता. खात्याचे साहेब सरळ माणूस होते. त्यांनी दहा जुन्या वह्या चाळल्या, सगळ्यांत कमी आकडा एकशे चौदा होता तो पाहिला, आणि सांगितलं की यंदाच्या हंगामात तुमच्या गच्चीवर शंभर पतंग नोंदले गेले तर दरी राखीव ठेवू, शंभराच्या आत राहिले तर गोदामवाल्यांना ना हरकत. दोन्ही बाजूंनी ते मान्य केलं. घड्याळजी त्या दिवशी कचेरीतून शीळ घालत घरी आले. शंभर म्हणजे त्यांना हातचा मळ वाटत होता.

पहिले दोन आठवडे छान गेले. मग साडूंच्या रात्री कोरड्या पडायला लागल्या. शून्य. शून्य. एक. शून्य. घड्याळजींच्या रात्री दोन येत, कधी तीन, आणि मधल्या रात्री साडू सकाळी वही पुढे करून म्हणत, चांदणं फार होतं. किंवा, वारा पडला होता. चांदण्यात पतंग कमी येतात हे खरंच. पण चांदणं काय एकाआड एक रात्रीच पडतं? हा प्रश्न कुणालाही सुचला असता. घड्याळजींना सुचला नाही, कारण तो सुचायला आधी माणूस परका वाटावा लागतो.

त्यांनी दिवा बदलला. दिव्याची उंची बदलली. धाकटीला चादरीला नीळ थोडी जास्त घालायला सांगितली, तिने घातली. एका दुपारी दुकान बंद करून, गुडघ्याला पट्टा बांधून ते दरीत उतरले. पानं अळ्यांनी खाल्लेली होती, फांद्यांना रिकामे कोष लटकत होते, कमी कुठे काहीच नव्हतं. वर येऊन त्यांनी उलट साडूंचीच समजूत काढली. मनाला लावून घेऊ नका साडूभाऊ, एखाद्याचा हंगाम नसतो. हवं तर माझ्या रात्री तुम्ही घ्या, तुमच्या मी घेतो.

"नको," साडू लगेच म्हणाले. "शिस्त मोडेल."

घड्याळजींना त्या उत्तराचं फार कौतुक वाटलं. ते त्यांनी धाकटीलाही सांगितलं.

याच सुमारास थोरलीने स्वयंपाकघरात बातमी आणली. तिच्या जावयाची नोकरी गेल्याला आठ महिने झाले होते, आणि तो लेकीला घेऊन दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या कुठल्याशा शहरात जायचं म्हणत होता. लेक एकुलती एक. थोरली त्या विचाराने अर्धी झाली होती. आता मात्र त्याला इथेच काहीतरी मिळतंय म्हणे, घरापासून दोन गल्ल्यांवर. कुठे, ते यांना ठाऊक, मला विचारायचं नाही असं बजावलंय. धाकटीने बहिणीच्या हाताला हात लावला. सकाळी तिने घड्याळजींना सांगितलं आणि तेही खूश झाले. एका घरात दोन आनंदाच्या बातम्या कुठे येतात, एक तरी आली.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. घड्याळजींची रात्र होती, बारा वाजून गेले होते. चादरीवर बारीकसारीक किडे चिकटलेले, खाली अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये छोटे पतंग दडी मारून बसलेले. आणि कागदी पिशवी झटकावी तसा आवाज करत एक मोठी मादी आली, दिव्याला दोन फेऱ्या मारून चादरीच्या कडेला बसली. घड्याळजींनी ब्रश हिरव्या रंगात बुडवला, बोटाने पंख उचलला आणि थांबले. खिडकीच्या खाली, बरोबर सहाच्या जागी, लाल ठिपका होता. ठसठशीत, कडा गोल, साडूंच्या हातचा. घड्याळजींच्या ठिपक्याला नेहमी एक शेपटी येते, साडूंच्याला येत नाही.

जुनं गिऱ्हाईक आलं म्हणून खुशीत त्यांनी वही मागे उलटली. चालू चक्रातली सहावी रात्र. साडूंचं मोत्यासारखं अक्षर: मोठे पतंग, शून्य. हवा स्वच्छ. आणि खाली घड्याळजींची स्वतःची सही, चहाच्या कपाच्या ओल्या वर्तुळाला खेटून.

बरोबरची खूण कुठे करायची? शून्यापुढे?

माणूस पहिल्यांदा सोपं कारण शोधतो. लिहायचं विसरले असतील. वय झालं. घड्याळजींनी ती नोंद आपल्या पानावर शेरा म्हणून लिहिली: परत आला, लाल, सहा. दोन रात्रींनी पुन्हा एक आला, लाल, आठच्या जागी. आठव्या रात्रीपुढेही शून्यच. त्याच रात्री पहाटे तिसरा आला, त्याला लाल ठिपका होता दहाच्या जागी. तेव्हा घड्याळजी दिवा न विझवता खुर्चीवर बसून राहिले. विसराळू माणूस लिहायचं विसरतो. विसरून शून्य लिहीत नाही.

पुढची रात्र साडूंची, हंगामातली शेवटची. घड्याळजी नेहमीसारखे मागच्या खोलीत आडवे झाले, पण घोरले नाहीत. स्वयंपाकघरातून दोघी बहिणींचं दबकं हसू येत होतं, लेकीच्या नव्या घराला पडदे कोणत्या रंगाचे, यावर चाललं होतं. एकच्या सुमाराला ते अनवाणी जिना चढले आणि वरच्या दोन पायऱ्या राखून उभे राहिले.

साडू चादरीसमोर उकिडवे बसले होते. चादरीवर दोन होते, एक नर, एक मादी. साडूंनी नराचा पंख उचलला, किती हळू, जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सरकवतायत, ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला. मग मादीला. मग दोघांना दिव्याच्या मागे, अंधाराच्या बाजूला उडवून लावलं आणि ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते सुखच होतं, दुसरं काही नाही. मग खुर्चीवर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि लिहिलं. एकच आकडा लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

घड्याळजी खाली आले. अंगावर पांघरूण ओढून सकाळपर्यंत डोळे उघडे ठेवून पडले. राग यायला हवा होता, तो आला नाही. त्याऐवजी ते अकरा वर्षांतल्या सकाळी एकेक करून आठवत राहिले, आणि प्रत्येकीच्या कपाखाली सही होती.

सकाळी चहाबरोबर वही पुढे आली. बहिणी मागच्या अंगणात चादर पिळत होत्या.

"किती आले?" घड्याळजींनी विचारलं.

"एकही नाही."

"ब्रश ओला आहे, साडूभाऊ."

साडूंनी ब्रशाकडे पाहिलं नाही. आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. नखाच्या कडेला लाल होतं. ते त्यांनी अंगठ्याने चोळलं, गेलं नाही. तबकडीचा रंग तो, सहजी जात नाही.

मग त्यांनी सांगितलं, आणि एकदा बोलायला लागल्यावर काही हातचं राखलं नाही. गोदामाचे व्यवस्थापक घरी आले होते. त्यांनी कसलीही धमकी दिली नाही, कसलं पाकीट दिलं नाही. जावयाला गोदामात मुकादमाची जागा, कायमची, एवढंच म्हणाले. वहीत खोटं काही लिहा असंसुद्धा म्हणाले नाहीत. सगळंच कशाला लिहायचं, असं म्हणाले. लेक दोन गल्ल्यांवर राहील. थोरलीला रात्री झोप लागेल.

"मग ठिपके कशाला दिलेत?"

साडूंनी ते लाल नख मुठीत झाकलं. "हातात घेतलेलं तसंच कसं सोडू," ते म्हणाले. "मोजल्याशिवाय सोडवेना हो. लिहिलं नाही, पण मोजलं प्रत्येकाला."

"किती?"

"एकसष्ट."

घड्याळजींचे अठ्ठावन्न. वहीतले साडूंचे सतरा, पैकी पंधरा पहिल्या दोन आठवड्यांतले आणि दोन नंतर तोंडी लावायला. एकसष्ट आणि अठ्ठावन्न एकशे एकोणीस. वहीत मात्र पंच्याहत्तर. बेरीज त्यांनी मनातल्या मनात केली आणि चहाचा कप बाजूला सरकवला.

"मला आधी सांगितलं असतंत तर?"

"तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो."

"म्हणून नाही सांगितलं."

त्या पानावर घड्याळजींनी सही केली नाही. साडूंनी आग्रहही धरला नाही. कचेरीत उद्या तारीख होती. निघताना, बहिणी आत येण्यापूर्वी, साडू म्हणाले की थोरलीला यातलं काही ठाऊक नाही, तेवढं सांभाळा. आणि उद्या मला समोरासमोर विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हा माझा शब्द. थोरलीचं सांभाळायचं वचन घड्याळजींनी दिलं आणि तो शब्द घेतला. का घेतला, हे त्यांनी नंतर स्वतःलाच पुष्कळदा विचारलं. अठ्ठावीस वर्षं ज्याने खोटं वजन खपवून घेतलं नाही त्याचा शब्द, शेवटचा का होईना, खरा निघेल असं त्यांना वाटलं. काही माणसं पाकीट मारलं गेल्यावरही खिसा चाचपत राहतात, तसं.

कचेरीतली खोली लांबट होती, पंखा फिरताना दर फेरीला एकदा कुरकुरायचा. टेबलाच्या एका बाजूला गोदामवाल्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला घड्याळजी. साडू भिंतीकडेच्या बाकावर. साहेबांनी बेरीज वाचली, पंच्याहत्तर, आणि घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजी उभे राहिले. सम रात्रींच्या नोंदी खऱ्या नाहीत, असं ते म्हणाले, आणि मग पद्धत समजावून सांगितली, तबकडी, ठिपका, हिरवा, लाल, शेवटच्या आठवड्यात परत आलेले तीन पतंग, आणि त्यांच्या खुणा ज्या रात्रींच्या, त्या रात्रींपुढची शून्यं. बोलताना त्यांचा हात हवेत पंख उचलत होता. जावयाचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि एकसष्टचा आकडा साडूंनीच सांगावा म्हणून राखून ठेवला.

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग वही आपल्याकडे फिरवली.

"या शून्यांखाली पडताळणारा म्हणून सही कुणाची आहे?"

"माझी."

"पडताळलं होतं?"

"नाही. विश्वासाने केली."

साहेब काही हसले नाहीत. विश्वासाला नमुन्यात रकाना नाही, एवढंच म्हणाले. वकील तत्परतेने उठले. यंदाच्या तेवीस रात्री खोट्या म्हणायच्या तर अकरा वर्षांतल्या बाकीच्या कशावरून खऱ्या, सगळीकडे याच दोन सह्या आहेत. आणि हे तीन ठिपके मानले असं धरलं तरी पंच्याहत्तर आणि तीन अठ्ठ्याहत्तर. घड्याळजी म्हणाले, तीन परत आले म्हणजे खुणा केलेले पन्नास-साठ असणार, तसंच प्रमाण आहे. साहेबांनी मान हलवली, पण ती हो म्हणून होती की कीव म्हणून, ते कळलं नाही. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं.

"नोंद तुमची. हे लाल ठिपके तुम्ही दिलेले आहेत?"

साडू उभे राहिले. कोटाची खालची गुंडी लावली. त्यांनी घड्याळजींकडे पाहिलं नाही, साहेबांच्या टेबलावरच्या काचेच्या वजनाकडे पाहिलं, कागद उडू नयेत म्हणून ठेवतात त्या.

"रंग त्यांच्या दुकानातला आहे, साहेब," ते म्हणाले. "हिरवाही आणि लालही, दोन्ही बाटल्या त्यांच्याच."

पंखा एकदा कुरकुरला. वकिलांना पुढे काही बोलावंच लागलं नाही. खोलीतल्या सगळ्यांनी घड्याळजींच्या बोटांकडे पाहिलं, आणि घड्याळजींनीही पाहिलं. तीस वर्षं तबकड्या रंगवलेली बोटं ती, त्यांच्या भेगांमध्ये लाल रंग कधी नव्हता असं त्यांनाही सांगता आलं नसतं.

साडूंनी शब्द मोडला, असं म्हणता येत नाही. खोटं बोलणार नाही म्हणाले होते, आणि बोलले नाहीत. दोन वाक्यं बोलले, दोन्ही खरी. आयुष्यभर खोटी वजनं ओळखणाऱ्याला हेही माहीत असतं की खऱ्या वजनांनी मापात कसं मारायचं.

ना हरकत त्याच दुपारी निघाली. पावसाळा सरेपर्यंत दरी मोकळी झाली आणि पुढचा हंगाम यायच्या आत गोदाम उभं राहिलं, चारी कोपऱ्यांना मोठाले दिवे, रात्रभर जळणारे. पतंग त्या वर्षीही आले. कुठून कुठून, दूरच्या टेकड्यांवरून असतील. पण ते घड्याळजींच्या चादरीवर आले नाहीत. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर आले, रात्रभर दिव्यांना धडका देत राहिले आणि उजाडताना कावळ्यांनी त्यांची धडं खाल्ली. पंख तेवढे खाली पडायचे, खिडक्यांसकट. नव्या मुकादमाचं सकाळचं पहिलं काम म्हणजे ते झाडून घेणं. तो माणूस वाईट नव्हता. एकदा त्याने एक अख्खा पंख घड्याळजींच्या दुकानात आणून दिला, सासऱ्यांनी पाठवलाय म्हणाला. घड्याळजींनी तो उलटा करून पाहिला. खूण नव्हती. त्यांनी तो परत दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं.

घड्याळजींनी त्या वर्षी चादर लावलीच नाही. दिवा कापडात गुंडाळून माळ्यावर गेला, अकरा वह्या त्याच्याशेजारी. एकाही वहीचं एकही पान आता कुणी मानणार नव्हतं, आणि त्यांना स्वतःलाही कधी कधी जुनी शून्यं दिसली की शंका यायची. हे सगळ्यांत वाईट. पुढचं चोरीला गेलं तर माणूस सोसतो, मागचंही गेलं.

थोरलीला साडूंनी काय सांगितलं, ते तिच्याच तोंडून कळलं. ती एकदा दारापर्यंत आली, उंबरा न ओलांडता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला कचेरीत चारचौघांसमोर खोटारडा ठरवायला बघितलं. जावयाची नोकरी बघवली नाही म्हणून. माझ्या लेकीचं बरं झालेलं बघवलं नाही." धाकटीला सगळं ठाऊक होतं. घड्याळजींनी साडूंना दिलेलं वचन सगळ्या जगापुढे पाळलं होतं, तिच्यापुढे नाही. ती सांगू शकली असती. पण खरं सांगितलं तर थोरलीने एकतर ते मानलं नसतं, नाहीतर मानलं असतं, आणि मग त्याच घरात, त्याच माणसासमोर रोज ताट वाढलं असतं. धाकटी म्हणाली, सांध्यांना औषध घेतेस का. थोरली उंबऱ्यावरूनच मागे वळली.

तर शेवटची मोजदाद अशी. जावयाला नोकरी मिळाली, थोरलीला लेक दोन गल्ल्यांवर मिळाली. साडूंना काय मिळालं ते विचारायला कुणी जात नाही, ते हल्ली संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरात जातात म्हणे. दरीने झाडं दिली, पतंग खराट्याखाली गेले, घड्याळजींनी अकरा वर्षं दिली. आणि धाकटी, जिने कधी एक पतंग मोजला नाही की कुठल्या पानावर सही केली नाही, ती हंगामात सम रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बसते. चहा एक कप करते. सम रात्री तीस असतात. या सौद्यात त्या तीसच्या तीस तिने भरल्या.